रविवारची गोळी

"आजींना पेन धरता येत नसेल तर अंगठा दिला तरी चालेल," काउंटरवरचा मुलगा म्हणाला आणि त्यानं शाईचं पॅड पुढे सरकवलं. चांगला मुलगा होता. त्याला मदतच करायची होती. मागे दोघंतिघं ताटकळले होते आणि माईंचं पेन फॉर्मवर टेकून तसंच राहिलं होतं. सकाळचे साडेनऊ. साडेनऊला माईंची बोटं अजून त्यांचं ऐकायला लागलेली नसतात. माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पेठेतल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. फळ्यावरचं त्यांचं अक्षर बघायला शेजारच्या वर्गावरचे मास्तर यायचे, असं आमच्या घरात सांगतात. (सांगणारे भाऊजी असतात, त्यामुळे चार आणे कमी करून ऐकावं.) त्या बाईंसमोर शाईचं पॅड. माईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेन दोन बोटांच्या बेचक्यात अडकवलं, उजवं मनगट डाव्या हातानं धरलं आणि सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. अक्षरं वाकडीतिकडी गेली, पण आडनावाखालची ठरलेली रेघ काही त्यांनी सोडली नाही. फॉर्म परत देताना म्हणाल्या, "बाळ, यात 'पद्धती' चुकलंय. द ला ध जोडायचा असतो, तुम्ही ध ला द जोडलाय. तीन ठिकाणी."

मुलगा हसला, मीही हसले. पण ते शाईचं पॅड माझ्या डोक्यातून जाईना.

हे सेंटर बाणेरकडे. काचेचं दार, आत गवती चहाचा कसलासा महागडा वास, भिंतीवर निळ्या समुद्राचं पोस्टर. समीरनं, म्हणजे माईंच्या मुलानं, सगळं ऑनलाइन ठरवलं होतं आणि आदल्या रात्री मला फोन केला होता, "काकू, तू जाशील का आईबरोबर? मला सकाळी कॉल आहे." हिंजवडीतल्या मुलांना आईच्या दुखण्याचा फार त्रास होतो आणि वेळ अजिबात नसतो. मग तो त्रास पैशाच्या रूपानं बाहेर येतो. मी हे टोमण्यानं लिहीत नाहीये. माझा मुलगाही तिकडेच आहे. समीरनं एक पॅकेज घेतलं होतं: आधी ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसायचं, ते झालं की 'दुसरा टप्पा'. दुसऱ्या टप्प्यात रक्त बाहेर काढून, गाळून, परत आत सोडणार. माहितीपत्रकावर दोन पिशव्यांचा फोटो होता. एकीत गढूळ पिवळं पाणी, दुसरीत स्वच्छ. खाली लिहिलेलं, 'आजार मुळापासून बाहेर'.

माईंना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात. घरात आम्ही नुसतं 'आरए' म्हणतो. सुरुवातीला आम्ही 'वात' म्हणायचो आणि वातावर पुण्यात जेवढे उपाय मिळतात तेवढे सगळे झाले. निर्गुडीचं तेल, मेथीचे लाडू, वाळूच्या पुरचुंडीचा शेक. पर्वती पायथ्याशी राहणाऱ्या एका नातेवाईकांनी आणलेल्या पुड्या तर इतक्या लागू पडल्या, की माई महिनाभर पोळ्या लाटत होत्या आणि चेहरा पुरीसारखा टम्म फुगला होता. डॉक्टरांनी त्या पुड्या बघितल्या आणि फक्त "हं" म्हणाले. असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडची जादू खरी आहे, हीच तर पंचाईत. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आरएनं अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन नावाचं स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती उठून खरेदीला गेली. दोन वर्षांनी त्या कामाला नोबेल मिळालं. किंमत काय मोजावी लागते ते जगाला नंतर हळूहळू कळलं: ठिसूळ हाडं, साखर, सुजलेला चेहरा.

आरए काय करतो हे मला पुस्तकातून कळायच्या आधी माईंच्या स्वयंपाकघरात कळलं. दुधाची पिशवी दातानं फोडायची. गॅसचं बटण तळहातानं दाबून फिरवायचं. निऱ्या करता येत नाहीत म्हणून सहावार जाऊन गाऊन आला, आणि बाहेर जाताना पंजाबी ड्रेस. हे स्थित्यंतर माईंना दुखण्यापेक्षा जास्त लागलं असावं, कारण त्याबद्दल त्या एकदाही बोलल्या नाहीत. हाताच्या मुठीची हाडं आणि बोटांची मधली पेरं सुजतात, दोन्ही हातांची सारखीच. टोकाची पेरं मात्र बहुधा सुटतात. त्यामुळे नखाजवळचं बोट अजून पूर्वीसारखं निमुळतं आणि मध्ये गाठ. सकाळी तास-दीड तास सगळं आखडलेलं. गरम पाण्याच्या घंगाळात हात घालून त्या बसतात, बाहेर बसस्टॉपवर पीएमपी थांबते, सुटते, आणि माई एकेक बोट मिटून बघत असतात. पोरांची हजेरी घेतल्यासारखं.

तर चेंबर. आत जायच्या आधी कपडे बदलायचे, फक्त सुती. केसाला तेल नको, अत्तर नको, क्रीम नको, घड्याळ, मोबाइल, श्रवणयंत्र काही नको. शुद्ध ऑक्सिजन आणि दाब एकत्र आले की ठिणगीला निमित्त पुरतं, म्हणून ही सगळी शिस्त. माईंच्या केसांना तेल होतं. ते पुसण्यात बराच वेळ गेला. मग त्या त्या पारदर्शक नळकांड्यात आडव्या झाल्या, बाईनं झाकण लावलं आणि हवेचा सुस्कारा ऐकू आला. दाब हळूहळू वाढवतात, बाहेरच्या हवेच्या दुपटी-अडीचपटीपर्यंत. कानाला दडे बसतात. घाटात बसतात तसेच, पण जास्त जोरात. म्हणून गिळत राहायचं, जांभया द्यायच्या. माईंच्या जांभया मला बाहेरून दिसत होत्या, एकामागून एक, वर्गात शेवटच्या तासाला मुलं देतात तशा. काचेवर त्यांच्या बोटांची सावली पडली होती. मी बाहेर खुर्चीत बसून मासिक चाळायचं सोंग करत होते.

ऑक्सिजनचं गणित सुंदर आहे, हे मान्य करायला हवं. एरवी रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन तांबड्या पेशी वाहून नेतात आणि त्या आधीच भरलेल्या असतात. पण दाब वाढवला की वायू द्रवात जास्त विरघळतो, गोटी सोड्याच्या बाटलीत हेच तर झालेलं असतं. तीनपट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर नुसत्या रक्तद्रवात इतका विरघळतो की स्वस्थ पडलेल्या शरीराची गरज भागावी. ॲम्स्टरडॅमच्या बुरेमा नावाच्या सर्जननं १९६० मध्ये हे डुकरांवर दाखवून दिलं: त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळपास सगळ्या काढून घेतल्या आणि चेंबरमध्ये ती जगली. पाणबुड्यांच्या शरीरात बुडबुडे झाले, कोळशाच्या किंवा गॅस गीझरच्या धुरानं विषबाधा झाली, मधुमेह्याच्या पायाची जखम भरेना, रेडिएशननं हाड-मांस जळलं, अशा ठिकाणी या यंत्राला खरं काम आहे आणि ते ते करतं. पुण्यात थंडीच्या दिवसांत बंद बाथरूममधल्या गीझरच्या बातम्या येतात, तेव्हा मला आता ते नळकांडं आठवतं.

पण यंत्राला स्वतःचं काम पुरत नाही. किंवा यंत्र विकणाऱ्याला पुरत नाही. सतराव्या शतकात हेन्शॉ नावाच्या इंग्रज डॉक्टरानं भाते लावून हवाबंद खोली बांधायची कल्पना मांडली, तेव्हा ऑक्सिजन नावाची चीज कुणाला ठाऊकही नव्हती. १९२८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला कनिंगहॅम नावाच्या डॉक्टरानं तर पाच मजली पोलादी गोळा उभारला, चौसष्ट फूट व्यासाचा, आत गालिचे, जेवणघर, राहायच्या खोल्या. पैसे दिले बेअरिंगच्या धंद्यातल्या टिमकेन यांनी. मधुमेह, कॅन्सर, गुप्तरोग, सगळ्यावर एकच उपाय, दाबाखालची हवा. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं पुरावा मागितला, पुरावा आला नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात तो गोळा भंगारात गेला. हे वाचताना मला त्या गालिच्यांचं फार वाटलं. आमच्या बाणेरच्या सेंटरमध्येही कार्पेट चांगलं होतं.

आरएसाठी हा उपाय सुचण्यामागे अगदीच खुळेपणा नाही. सुजलेल्या सांध्याचं अस्तर जाड होत जातं, पेशी भरमसाट वाढतात, रक्तपुरवठा त्यांना पुरत नाही आणि सांध्याच्या आत ऑक्सिजनची चणचण असते. हे मोजून पाहिलेलं आहे. मग वरून ऑक्सिजन का देऊ नये? प्रयोगशाळेतल्या उंदरांवर, थोड्याशा माणसांवर प्रयत्न झालेतही. पण सांध्याला हवा कमी पडते म्हणून सूज येते असं नाही. सूज येते म्हणून हवा कमी पडते. आग लावणारा दुसरीकडेच आहे. ज्या आजारांना चेंबर उपयोगी ठरतो त्यांची जगातल्या या विषयाच्या तज्ज्ञांनी केलेली यादी आहे, त्या यादीत आरए नाही.

माई मात्र बाहेर आल्या त्या प्रसन्न. मी विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाल्या, "अगं, तासभर मला कुणी हाक मारली नाही."

दुसऱ्या टप्प्याची चौकशी मी केली, कारण त्या गढूळ पिशवीचा फोटो मला पटेना. आणि पुण्यात आता प्लाझ्मा हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रोडला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली, पाणी उकळून प्या म्हणून सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये कागद लागले, आणि माझ्या मैत्रिणीच्या सोसायटीतला एक मुलगा पायातला जोर जाऊन आयसीयूत होता. त्याचा प्लाझ्मा बदलला होता. रक्त यंत्रात फिरवून त्यातला पिवळा द्रव काढून टाकतात, बदली अल्ब्युमिन घालतात आणि पेशी परत देतात. जीबीएसमध्ये हे खरंच कामाला येतं. कारण तिथं नसांवर चालून जाणाऱ्या अँटीबॉडींची एक लाट येते आणि ओसरते. ती लाट असेपर्यंत त्या काढून टाकल्या की माणूस लवकर सावरतो. आरएचं तसं नाही. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं कामावर हजर असतात, सांध्याच्या अस्तरात ठाण मांडून बसलेल्या असतात. शिवाय त्या अँटीबॉडींपैकी निम्म्याहून जास्त रक्तवाहिन्यांच्या बाहेर असतात, रक्त गाळलं की त्या आतून परत येतात. पिशवीतलं पाणी पिवळं दिसतं कारण प्लाझ्मा पिवळाच असतो. माझाही. त्या काउंटरवरच्या मुलाचाही.

हे सगळं आधी करून पाहिलेलं आहे, याचं मला नवल वाटलं. १९८३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आरएच्या रुग्णांवरची एक चाचणी छापून आली. काहींचा प्लाझ्मा खरोखर बदलला, काहींचं नुसतं नाटक केलं, आणि कुणाचं काय ते रुग्णांनाही माहीत नव्हतं. रक्ताचे रिपोर्ट सुधारले. सांधे सुधारले नाहीत. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत 'प्रोसॉर्बा' नावाच्या एका नळीला आरएसाठी परवानगी मिळाली. त्या नळीत सिलिकाच्या कणांवर स्टॅफिलोकोकस जिवाणूचं एक प्रथिन बसवलेलं असे. ते अँटीबॉडींना चिकटतं. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे दंडात सुया खुपसून बसायचं. बाकी औषधं ज्यांना लागू पडली नव्हती अशा रुग्णांत साधारण तिघांमागे एकाला फायदा दिसला. फायदा खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. जपानमध्येही पांढऱ्या पेशी गाळून काढणारी अशीच एक पद्धत हट्टी आरएसाठी वापरली गेली. पण त्या वेळेपर्यंत इंजेक्शनची नवी बायोलॉजिक औषधं आली होती, आणि काही वर्षांतच प्रोसॉर्बा बनायची थांबली.

प्रोसॉर्बाच्या चाचणीतली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. ज्यांचं रक्त नुसतं फिरवून न गाळता परत दिलं, त्यांच्यातही साधारण दहांमागे एकाला बरं वाटलं. ठरावीक मोजमापांनुसार बरं, उगीच तोंडदेखलं नाही. काही वाटा आजाराच्या चढउताराचा असणार. आरएत माणूस नवा उपाय शोधतो तो दुखणं शिगेला असताना, आणि शिगेवरून ते बऱ्याचदा आपणहून उतरतं. पण बाकीचं? दर आठवड्याला कुणीतरी नाव घेऊन बोलावतं, दंड हातात घेऊन शीर शोधतं, दोन तास उशाशी बसतं, "दुखतंय का" विचारतं. आमच्या ओपीडीत माईंचा नंबर येईपर्यंत दुपार होते आणि आत पाच मिनिटं मिळतात. त्यात डॉक्टरांचा दोष नाही, बाहेरची गर्दी मी पाहिली आहे. बाणेरच्या बाई मात्र झाकण लावायच्या आधी माईंच्या मानेखाली उशी सारखी करायच्या. समीरनं पॅकेजचे पैसे कशाचे भरले, असं कुणी मला विचारलं तर मी त्या उशीचं नाव घेईन.

माईंचं माहेर भिगवणकडचं. १९९६ पासून पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. माईंची चुलतबहीण अजून सांगते, की गावातल्याच बायापोरी वही घेऊन दारात आल्या, माणसाचं चित्र पुढे धरलं आणि म्हणाल्या, कुठं कुठं दुखतं तिथं खूण करा. "मला जन्मात कुणी असं विचारलं नव्हतं," ती म्हणते, "मी आख्खा माणूस रंगवून दिला." त्या पाहणीतून कळलं की साधारण दोनशे माणसांत एकाला आरए आहे. शहरात बसून कुणी म्हणत असेल की हा एसीत राहणाऱ्यांचा, बैठ्या माणसांचा रोग, तर ऊस खुरपणाऱ्या बायकांच्या बोटांकडे बघून यावं. चुलतबहिणीला आरए नव्हता, गुडघे झिजले होते. पण चित्र रंगवल्यावर बरं वाटलं, असं ती आजही शपथेवर सांगते.

मग मी माहितीपत्रक घेऊन माईंच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, माईंना बरोबर घेऊन. त्यांनी ते शांतपणे वाचलं. म्हणाले, "चेंबर वाईट नाही, कानाचा पडदा धड असेल आणि फुप्फुसाचा त्रास नसेल तर बसा. पण गोळी सोडून बसू नका. आणि रक्त गाळायला माझी साफ ना. मोठ्या शिरेत नळी घालावी लागली तर तिथून जंतू शिरू शकतात, रक्तदाब पडू शकतो, आणि तुमची प्रतिकारशक्ती औषधानं आधीच दबलेली आहे." मग त्यांनी माईंकडे बघून विचारलं, "रविवारची गोळी घेताय ना?"

माई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

रविवारची गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, तशी उदाहरणं घडलेली आहेत. म्हणून आमच्याकडे कॅलेंडरवर रविवारी लाल गोल असतो आणि बाकीच्या गोळ्यांचा डबा वेगळा. मूळ औषध कॅन्सरचं. आरएत त्याची मात्रा फार लहान असते, पण गुगलवर पहिल्या ओळीत कॅन्सरच येतो आणि समीर घाबरतो. महिन्याचा खर्च शंभरेक रुपये. इतक्या स्वस्त औषधावर कुणाचा विश्वास बसणार? त्यात सोमवारी सकाळी माईंना मळमळतं, चहाचा वाससुद्धा नको होतो. ऑक्सिजन सुरू झाल्यावर त्यांनी गोळी गुपचूप बंद केली होती. समीरला वाटत होतं आईला चेंबरनं बरं वाटतंय. खरं तर मळमळ थांबली होती म्हणून तिचा चेहरा उजळला होता. अंगातली सूज दाखवणारा रक्तातला सीआरपीचा आकडा मात्र दुपटीनं चढला होता.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोळीच्या जागी तेच औषध इंजेक्शनमधून लिहून दिलं. पोटातून जात नाही म्हणून मळमळ बऱ्याच जणांना कमी होते, आणि अंगी जास्त लागतं. छोटी सुई, पोटाच्या कातडीखाली. माईंना स्वतःला टोचता येत नाही, सिरिंज दाबायला अंगठ्यात जोर हवा. म्हणून रविवारी संध्याकाळी मी जाते. त्या टीव्हीवर किर्तन लावतात, पदर बाजूला करतात आणि "हं" म्हणतात. टोचून झाल्यावर मला खायला काहीतरी मिळतं, बहुतेक चितळ्यांचं, कारण घरी करणं आता जमत नाही याचा त्यांना राग आहे. दोन-अडीच महिने काही फरक दिसला नाही. या औषधाला तेवढा वेळ द्यावाच लागतो. नंतर एकदा त्यांनी मला दारातच सांगितलं की दुधाची पिशवी कात्रीनं कापली.

उरलेल्या सिटिंगचं काय झालं ते सांगायला हवं. पैसे परत मिळणार नव्हते. दुसऱ्या टप्प्याला माईंनी स्पष्ट नकार दिला, पण चेंबरला त्या जात राहिल्या, औषधाच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीनं. समीरला वाटलं आईनं त्याचा मान राखला. भाऊजींना वाटलं भरलेले पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून जाते आहे. ते स्वतःही उरलेल्यातल्या दोन-चार सिटिंग घ्यायला तयार होते, पण त्यांच्या कानाचा पडदा जुना फाटलेला, त्यामुळे सेंटरनं घेतलं नाही. मला माईंनी रिक्षात सांगितलं होतं ते वेगळंच. "तिथं आत शांत झोप लागते गं. आणि समीर त्या दिवशी न चुकता फोन करतो, कसं झालं म्हणून."

गेल्या आठवड्यात समीरनं स्टेम सेलचा एक व्हिडिओ पाठवला. माईंनी तो मला पुढे ढकलला. खाली लिहिलं होतं, "सवडीनं बघ आणि सांग. आधी रक्कम बघ."